चार बोटं रिकामा हंडा

"मला गाण्याचं नाव म्हाईत न्हाई, पण भांडं म्हाईत हाये," निर्मला एकदा म्हणाली होती.

समोर बारा-तेरा मुलं-मुली जेवायला बसली होती. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट. त्यांच्यातल्या कुणीतरी सहज विचारलं होतं, की मावशी, आमचा हा गोंधळ तुम्ही दोन दिवस सोसता, यातलं एखादं गाणं आवडतं का तुम्हाला? बंगल्यावर स्वयंपाकाला येणारी बाई हसून विषय टाळेल अशीच त्यांची समजूत होती. निर्मलाने भाकरीची टोपली खाली ठेवली आणि सांगितलं, की एक परातीचं आहे, एक झाकणांचं आहे, ती दोन्ही बरी आहेत. पण एक हंड्याचं आहे. ते लागलं की तिला हातातलं काम पुढे नेता येत नाही.

मुलं जेवण सोडून तिच्यामागे स्वयंपाकघरात आली. ती दोन हजार तेराची गोष्ट. निर्मला तेव्हा एकतीस वर्षांची होती.

ती टाकवे बुद्रुकची. नवरा कैलास गावाजवळच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो, घरचा भात दीर आणि तो मिळून करतात. मुलगी हर्षदा शाळेत जायला लागल्यावर निर्मलाने लोणावळ्यात काम धरलं. टाकव्याहून सहा आसनी रिक्षाने कान्हे, कान्ह्याहून लोकलने लोणावळा आणि तिथून तुंगार्लीचा चढ पायी. बंगला मुंबईच्या एका म्हाताऱ्या मालकाचा होता. शनिवार-रविवार तो पाहुण्यांना भाड्याने दिला जाई. पाहुणे पोहे खात, कोंबडी खात, पत्ते खेळत, तळ्यात पाय सोडून बसत आणि जात. त्यांचे चेहरे लक्षात ठेवायचं काही कारण नसे.

ही मुलं मात्र दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी येत. त्यांचा म्होरक्या सत्यम, पुण्याचा, इंजिनिअरिंगला होता. टेम्पोतून पुरुषभर उंचीची, स्पीकरची चार काळी खोकी उतरत. एका सुताराच्या कारखान्यात सुट्टीभर खपून त्यांनी ती स्वतः बनवली होती. निर्मला त्यांना काळी कपाटं म्हणायची. कपाटं हिरवळीच्या टोकाला ओळीने लावली जात आणि दुपारपासून त्यातून जे बाहेर पडे त्याला डबस्टेप म्हणतात, हे तिला तिसऱ्या वर्षी कळलं. तिने ते नाव कधी वापरलं नाही.

त्यांच्यात कुणी नाचत नसे. उन्हात डोक्यावर जॅकेटची टोपडी ओढून, डोळे मिटून ती कपाटांपुढे उभी राहत आणि मान सावकाश खालीवर करत. फाटकावर नथू असे, वरच्या ठाकरवाडीतला. तो पहिल्या वर्षी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला होता, "निर्मलाबाई, ही पोरं दहाव्याला आल्यागत का उभी ऱ्हायलीत? कावळा शिवंना व्हय त्यांचा?"

निर्मला हसली होती. पण तिने त्याला तिथेच गप्प बसायला सांगितलं, कारण त्याच वेळी काहीतरी सुरू झालं होतं.

स्वयंपाकघर बंगल्याच्या मागच्या अंगाला, जाड दगडी भिंतींच्या आत होतं. पुढच्या हिरवळीवरचं गाणं तिथवर पोहोचताना त्याचं वरचं सगळं गळून जाई. शब्द, शिट्ट्या, झांजा, काही म्हणता काही येत नसे. येई तो फक्त खर्ज. तो भिंतीला जुमानत नसे. तो फरशीतून यायचा. निर्मला स्वयंपाकघरात अनवाणी असे, त्यामुळे तिला तो आधी टाचांत कळे, मग पोटऱ्यांत, आणि मग भांडी बोलू लागत. मांडणीवरची झाकणं एका गाण्याला कुजबुजायची. कणकेची परात दुसऱ्या एका गाण्याला घुमायची. आणि कोपऱ्यात तिवईवर पिण्याच्या पाण्याचा पितळी हंडा होता. तो इतर कशालाच दाद देत नसे. एकाच गाण्यात, साधारण मध्यावर, सगळं थांबल्यासारखं होई आणि मग खालून एक लांब, जाड सूर वर येई. त्या सुराला हंडा उत्तर द्यायचा. एकसंध, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा हुंकार. पाण्यावर बारीक वर्तुळं उमटून जागच्या जागी थरथरत राहायची.

हंडा काठोकाठ भरलेला असला तर हे होत नसे, अर्धा असला तरी नाही. दोन वर्षं निरखून तिला कळलं होतं की तो चार बोटं रिकामा असावा लागतो. मग मुलं यायची त्या दिवशी ती पाण्याचा हिशेब तसा ठेवू लागली. कुणी एक तांब्या काढला की लगेच एक तांब्या घालायची.

मुलांना तिने हे सगळं दाखवलं. सत्यम धावत बाहेर गेला, ते गाणं त्याने लावलं आणि परत येऊन हंड्यावर हात ठेवून उभा राहिला. एकेकाने पुढे होऊन हंड्यावर तळवा ठेवला. त्यांच्यातली माधवी नावाची मुलगी शेवटी म्हणाली, की आपण तीन वर्षं चुकीच्या जागी उभे आहोत.

या ओढीचं कारण शोधायला गेलं तर एखादं सापडेलही. निर्मलाचे वडील अंबाजी ढोलपथकात होते, लहानपणी ती ढोलाला पाठ टेकून झोपत असे, असं तिची आई सांगायची. पण निर्मलाने स्वतः कधी ते कारण दिलं नाही. तिने एकदा एवढंच सांगितलं, की दिवसभर तिला कुणीतरी हाक मारत असतं. इथे मावशी पाणी, मावशी चहा, घरी आई आणि अगं. हंड्याचं गाणं चालू असेल तेवढा वेळ कुणाचीही हाक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. "दोन मिन्टं असंन. पण त्या दोन मिन्टांत मी कुणाचीच कुणी नसते."

ते गाणं दोन दिवसांत एकदाच वाजे. मुलांच्यात एक रिवाज होता. एखादं गाणं फारच भिडलं, तर ऐकणारे भिंतीवर, टेबलावर, जे समोर असेल त्यावर जोरजोरात थापा मारत. मग वाजवणाऱ्याने गाणं तोडायचं, मागे न्यायचं आणि पहिल्यापासून लावायचं. नाटकातला वन्समोअरच तो. निर्मलाला हा रिवाज माहीत नव्हता. चौदा साली ती हंड्यापाशी उभी असताना तिच्या ओल्या हातातून परात निसटली आणि फरशीवर दणदणत फिरत राहिली. तो आवाज पायरीवर ऐकत बसलेल्या पोरांनी पुढे पोचवला आणि बाहेर कपाटं एकदम बंद पडली. ती घाबरली, आपण काही मोडलं असं तिला वाटलं. पण बाहेर आरडाओरडा झाला, कुणीतरी "मावशीने मागितलंय" म्हणालं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

त्या वर्षीपासून ते तिचं हक्काचं झालं. गाणं मध्यावर आलं की निर्मला परात उचलायची आणि लाटण्याने तीन ठोके मारायची. बाहेर सत्यम गाणं मागे न्यायचा. वर्षातून एकदा, तिच्या सांगण्यावरून, पुण्याची शिकलेली मुलं एक गोष्ट दोनदा करायची. तिने हे घरी सांगितलं तेव्हा कैलास म्हणाला, की मला एकदा सांगितलेलं तू दुसऱ्यांदा ऐकत न्हाईस आणि ती तुझं ऐकत्यात व्हय.

पुढच्या वर्षी टी-शर्टच्या पाठीवर हंड्याचं चित्र आलं. माधवीने काढलेलं. एक निर्मलालाही मिळाला, तो हर्षदाने बळकावला.

चित्राने मात्र घात केला. ते आधीच फोनवरून पसरलं आणि त्या वर्षी माणसं ऐंशी झाली. नवी आलेली पोरं वेगळी होती. त्यांना आवडणारं संगीतही त्याच नावाचं, पण त्यात करवत चालल्यासारखा आवाज असे. तो सुरू झाला की ती एकमेकांना ढकलत उड्या मारत, आणि चढत गेलेल्या गाण्याचा कडेलोट जवळ आला की सगळ्यांचे फोन वर जात. जुनी मुलं स्वयंपाकघराच्या पायरीवर तोंडं पाडून बसत. हे ते नव्हे, म्हणत. नवी पोरं त्यांना आजोबा म्हणत. आजोबा चोवीस वर्षांचे होते. नव्यांनी टी-शर्टवरचा हंडा पाहिला होता, म्हणून ती खरा हंडा बघायला आत आली. त्याच्याबरोबर फोटो काढले. एकाने तो डोक्यावर घेऊन फोटो काढायचा म्हणून त्यातलं पाणी मोरीत ओतून दिलं. संध्याकाळी हंड्याचं गाणं लागलं तेव्हा निर्मला मागच्या कोठीत जेवणाची ताटं काढत होती. टाचांना ते कळताच ती धावत आली आणि रिकाम्या हंड्यापाशी उभी राहिली. पाणी भरेपर्यंत गाणं संपलं होतं. तिने परात वाजवली नाही. तिला वाटलं, वाजवलं तरी इतक्या गलक्यात ऐकणार कोण.

मग दोन वर्षांनी वारं पुन्हा फिरलं. करवतवाली पोरं दुसरीकडे गेली, फोन घेऊन. जुन्यांतले काही जण टेक्नो ऐकू लागले. त्याला थांबा नाही, चढउतार नाही. निर्मलाचं मत विचारलं तेव्हा ती म्हणाली, की उखळात कांडल्यागत हाये, कांडप बरं पण दळण कुटं? भांडी त्याला एकसारखी खडखडत, कुठलंच एक भांडं पुढे येत नसे. कुणाची लग्नं झाली, कुणी परदेशी गेलं. एकोणीस साली नऊ माणसं आली. हंड्याचं गाणं शेवटचं तेव्हा वाजलं. निर्मलाने ठोके मारले, सत्यमने मागे नेलं, आणि दुसऱ्या वेळी हंडा पहिल्यापेक्षा जास्त वेळ बोलला, असं ती सांगते.

नंतरची वर्षं टाळेबंदीची. बंगला ओस, निर्मला घरी. तेव्हा तिने एकदा हर्षदाला फोनवर ते गाणं शोधायला सांगितलं. हर्षदाने नाव विचारलं, चाल विचारली. चाल गुणगुणता येईना. जे गळ्याच्याही खाली आहे ते गळ्यातून कसं काढणार? आई, तू म्हणजे कमालच आहेस, हर्षदा म्हणाली. मग निर्मलाने सत्यमला फोन लावला. तो आनंदला, पण गाणं पाठवता येणार नाही म्हणाला. ते कधी बाजारात आलंच नव्हतं. इंग्लंडमधल्या एका मित्राने त्याला एकट्याला दिलं होतं, कुणाला न देण्याच्या बोलीवर. निर्मलाला त्यात वावगं वाटलं नाही. गावातलं ढोलपथकसुद्धा जत्रेआधी वाजवण्याचा नवा हात कुणाला दाखवत नाही. आणि सत्यम म्हणाला होता, की पुढच्या वेळी वाजवतोच. त्या ‘पुढच्या वेळी’वर तिची पाच वर्षं गेली.

मधल्या काळात गावात बेसची काही वाण नव्हती. हळद असो, वाढदिवस असो, ट्रॅक्टरवर भिंतीएवढे डीजे येत. पोरांत त्या डीजेंचे पंथ झाले होते. या साउंडवाले, त्या साउंडवाले, गाडीच्या काचेवर नावं आणि मोबाईलवर भांडणं. पहिल्या-पहिल्यांदा निर्मला आशेने जवळ जाऊन उभी राहिली. छातीवर बुक्क्या बसत होत्या, घरांचे पत्रे कडकडत होते, शेजारच्या भामाबाईंनी कानात बोटं घातली होती. निर्मला घरी आली आणि कैलासला म्हणाली, "ह्ये मारतंय. ते उचलायचं."

कामावर परतली तेव्हा बंगल्याचा मालक बदलला होता. नव्या मालकाने मधली भिंत पाडून स्वयंपाकघर पुढे आणलं, हिरवळीकडे मोठी काच लावली. भांड्यांची सगळी कपाटं भिंतीत गेली, त्यांची दारं ढकलली तरी आवाज न करता मिटत. मांडणी मोडीत गेली. हंडा, परात, जुनी पितळ सगळी तिच्याबरोबर. पाण्याला यंत्र आलं. देखभालीला संदेश नावाचा मुलगा नेमला होता, तो वाईट नव्हता. निर्मलाने हंड्याचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, की मावशी, तुमच्या पाठीला आराम. पाहुणे आता चाकांचे स्पीकर ओढत आणत, त्यात रंगीत दिवे लागत. एका गाण्याची अर्धी ओळ झाली की त्यांना दुसरं गाणं हवं असे.

गेल्या नोव्हेंबरात सत्यमचा फोन आला. यंदा परत करतोय, त्याच बंगल्यावर, जुनी माणसं सगळी येणार आहेत, बायकापोरांसकट. निर्मलाने गॅस बंद केला. मग तिने विचारलं, "हंड्याचं वाजवणार का?"

"पहिलं तेच, मावशी."

"आन् कपाटं?"

सत्यम हसला. "कपाटं कसली आता. त्याहून भारी आणतोय."

त्याहून भारी म्हणजे किती, याचा तिने पुढचे पंधरा दिवस विचार केला. आणि नव्या स्वयंपाकघरात त्याला उत्तर देणारं एकही भांडं नाही, हेही तिच्या लक्षात आलं. तिने घरच्या माळ्यावरून स्वतःचा हंडा काढला, रुखवतातला. चिंच लावून घासला. मोरीत पाणी भरून, चार बोटं रिकामा ठेवून, बोटाने टिचकी मारून कान लावून पाहिलं. परात घेतली, लाटणं घेतलं, झाकणं घेतली. सगळं गोणीत बांधलं. कैलासने विचारलं, तितं नळ न्हाई का? हाये, ती म्हणाली. मग? मग काय, असं म्हणून ती गोणी डोक्यावर घेऊन निघाली. लोकलच्या डब्यात ओळखीच्या बायकांनी बिऱ्हाड हलवलंस का म्हणून चेष्टा केली. एकीने नवऱ्याला मागे का ठेवलंस असंही विचारलं. तो वाजत न्हाई, निर्मला म्हणाली, आणि कामशेतपर्यंत बायका हसत होत्या.

शनिवारी दहाच्या सुमारास गाड्या आल्या. मुलं आता माणसं झाली होती. सत्यमचं कपाळ मागे सरकलं होतं. टी-शर्ट तेच होते, पाठीवरचे हंडे ताणून रुंद झालेले. सगळ्यांनी तिला घेरलं, माधवीने मिठी मारली, तिची चार वर्षांची मुलगी आईला विचारत राहिली की हीच का ती आजी. निर्मलाने सगळ्यांना नावानिशी ओळखलं. पण तिचं अर्धं लक्ष फाटकाकडे होतं. तिने दोनदा जाऊन नथूला टेम्पो आला का विचारलं. एक आला, नथू म्हणाला, पाण्याचे जार घिऊन.

जेवणं उरकली. तीनच्या सुमारास माणसं हिरवळीवर जमू लागली. निर्मलाने ओटा मोकळा केला, पण ओट्याखाली भांड्यांची कपाटं होती, तिथे फरशी बोलणार नाही. म्हणून तिने काचेजवळ जमिनीवर पाट मांडला, त्यावर हंडा ठेवला, पाणी भरलं, चार बोटं मोजली. परात आणि लाटणं हाताशी ठेवलं. चपला काढल्या. एक तळवा हंड्याच्या पोटावर ठेवून ती उकिडवी बसली.

काचेतून तिला दिसलं की सुरू झालं आहे. माणसं डोळे मिटून उभी होती, माना सावकाश खालीवर होत होत्या, अगदी पहिल्या वर्षीसारख्या. हंडा गार होता. पाणी स्थिर होतं, त्यात छताचा दिवा दिसत होता.

तिला वाटलं, पाणी जास्त झालं. तिने वाटीभर काढलं. मग वाटलं, कमी झालं, आणि अर्धी वाटी परत घातलं. घरचा हंडा त्या हंड्याहून बुटका होता, त्याला कदाचित तीन बोटं लागत असतील. तिने पाट काढून हंडा थेट फरशीवर ठेवला. बाहेर माना डोलत होत्या. म्हणजे मध्य जवळ येत असणार, ते सगळं थांबल्यासारखं होणार, आणि हा अजून मुका. तिने दोन्ही तळवे फरशीवर टेकले. मग तिच्या मनात आलं, की फरशीत दोष नसेल. आपल्याच टाचा आता जाड झाल्या असतील. त्रेचाळीस वर्षांच्या बाईच्या टाचा त्या.

माधवी मुलीसाठी पाणी न्यायला आत आली. निर्मला जमिनीवर हात टेकून बसलेली पाहून ती दचकली, पडलात का विचारू लागली. तिच्या गळ्यात कमानीसारखं काहीतरी होतं, दोन्ही टोकांना जाड गाद्या, त्यांतून निळा दिवा लुकलुकत होता. निर्मला ते बघत राहिली. मग तिने काचेतून बाहेर पाहिलं. सगळ्यांच्या कानांवर तेच होतं. टोपड्यांखाली, केसांखाली तिला मघाशी दिसलं नव्हतं.

माधवीने हंडा पाहिला, परात पाहिली, लाटणं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती खाली बसली. इथल्या बंगल्यांच्या सोसायटीने बाहेर स्पीकर लावायला पूर्ण मनाई केलीये, दिवसासुद्धा, ती म्हणाली. म्हणून हे हेडफोन आणले, प्रत्येकाला एक. संदेशला माहीत होतं. तुम्हाला कुणी बोललं नाही का? निर्मलाने मान हलवली. स्वयंपाकाच्या बाईला हे कशासाठी कुणी सांगेल?

माधवी बाहेर धावली आणि सत्यमला घेऊन आली. तो ओशाळला होता. कपाटं तीन वर्षांपूर्वीच उर्स्याच्या एका मंडळाला दिली होती, घरात जागा नव्हती, तो म्हणाला. पण यात आवाज फार स्वच्छ येतो, मावशी, तुम्ही ऐका तर. तुमच्यासाठी एक राखून ठेवलंय. मी परत पहिल्यापासून लावतो, फक्त तुमच्यासाठी.

तो तिला हाताला धरून हिरवळीवर घेऊन आला. तिच्या अंबाड्याला धक्का न लावता त्याने कमान अलगद बसवली आणि स्वतःच्या फोनवर बोट टेकवलं.

निर्मलाच्या कानात एक मुलगी गाऊ लागली. कोवळ्या, परक्या भाषेतल्या आवाजात ती एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्या भोवती काचेचे मणी सांडल्यासारखं काही किणकिणत होतं. मग शिट्टी. मग कुणीतरी हसल्यासारखं. त्या सगळ्याच्या खूप मागे, दुसऱ्याच्या घरात दार आपटावं तसं काहीतरी होत होतं. निर्मला हे गाणं संपून आपलं कधी लागेल याची वाट बघत राहिली.

सत्यमने तिच्या एका कानावरची गादी जरा उचलली. त्याचे डोळे भरले होते. "ओळखलं ना, मावशी? हेच ते. हंड्याचं."

त्याने गादी परत बसवली आणि हाताने खूण केली, की आता येईल, मध्यावर आलंय. मणी थांबले. मुलगी थांबली. सगळं थांबल्यासारखं झालं. मग दोन्ही कानांच्या आत, एवढ्याशा जागेत, काहीतरी लांब आणि जाड गुरगुरलं. निर्मलाने खाली पायांकडे पाहिलं. पाय गवतावर होते, गवत हलत नव्हतं. आजूबाजूला सगळ्यांनी डोळे मिटले होते. सत्यमने एक बोट वर करून विचारलं, मागे नेऊ का?

त्या गुरगुरण्यावर ती मुलगी पुन्हा गाऊ लागली. इतकी वर्षं ती तिथेच होती म्हणजे. भिंतीच्या पलीकडे, उन्हात, दर वर्षी दोनदा गात होती, आणि पोरांनी इतकी वर्षं जे जपलं त्यात ही होती. निर्मलाने तिचा आवाज कधी ऐकला नव्हता, ऐकायची तिला इच्छाही झाली नव्हती.

तिने गाणं पूर्ण संपू दिलं. मग कमान काढली, तिची लोंबणारी वायर नीट गुंडाळायला गेली, पण वायर नव्हतीच. तिने ती सत्यमच्या हातावर ठेवली. त्याने काहीतरी विचारलं, माधवीनेही विचारलं. निर्मलाने पदर खोचला. हंडा, परात, चपला तिने काचेमागे तशाच राहू दिल्या. डोळे मिटून डोलणाऱ्या माणसांमधून, कुणाला धक्का लागू न देता, ती अनवाणीच फाटकापर्यंत गेली. नथू खुर्चीवरून उठला, आत्ताच निघालीस का म्हणाला. तिने कडी काढली आणि ती बाहेर पडली.